बिंतानला दोन रात्री: लाकडी खोली, ओहोटी आणि आईचा शनिवार

सिंगापूरला राहणाऱ्या आपल्या लोकांचं ठरलेलं असतं, आई-बाबा आले की पहिल्या आठवड्यात मरिना बे, दुसऱ्यात सेंटोसा आणि तिसऱ्यापासून आता कुठे न्यायचं हा प्रश्न. आमचंही तेच झालं. आई-बाबा नाशिकहून दीड महिन्यासाठी आलेले, आईचे गुडघे दुखतात म्हणून फार चालवायचं नव्हतं, विमान नको होतं, आणि मला आणि नवऱ्याला ऑफिसमुळे शुक्रवारची अर्धी सुट्टी सोडून काही मिळणार नव्हतं. म्हणून बिंतान, इंडोनेशियाचं बेट. फेरीने साधारण तासाभरात दुसरा देश, आणि दोन रात्री शांतपणे समुद्राकडे बघत बसायचं, बास, एवढाच प्लॅन.

हा रिव्ह्यू मुख्यतः आम्ही राहिलो त्या जागेचा आहे पण प्रवासाचंही सगळं लिहिते कारण जागा कितीही चांगली असली तरी दोन दिवसांच्या ट्रिपमध्ये अर्धा आराम किंवा अर्धा वैताग हा जाण्यायेण्यातच असतो. आधीच सांगते, पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईलच.

आधी कुठे राहायचं ते. बिंतान म्हटलं की बहुतेक जण उत्तरेकडच्या लागोईला जातात, मोठी रिसॉर्ट्स, गोल्फ, स्विमिंग पूल, सगळं चकाचक, आणि फेरीसुद्धा तिथेच लागते. आम्ही आधी दोनदा गेलोय, छान आहे, वाईट म्हणणार नाही. पण तिथे आपण इंडोनेशियात आलोय असं फारसं वाटत नाही आणि जेवणाचे दर सिंगापूरसारखेच. यावेळी पूर्व किनारा घेतला, त्रिकोरा. मालांग रापात, तेलुक बाकाऊ अशी छोटी छोटी मच्छीमारांची गावं, नारळ, पांढरी वाळू, मधेच ग्रॅनाइटचे मोठे गोल धोंडे, आणि रस्त्याच्या कडेने लहान लहान लाकडी खोल्यांच्या राहायच्या जागा. आमची त्यातलीच एक, पाण्यात खांब रोवून त्यावर उभ्या केलेल्या सहा खोल्या आणि किनाऱ्यापर्यंत फळ्यांचा पूल. चालवणारं कुटुंब मागेच राहतं.

शेजारचं बाताम बेट जास्त जवळ पडेल, फेऱ्याही जास्त आहेत असं सगळे सांगतात आणि ते खरंय, पण बाताम म्हणजे मॉल, खरेदी, मसाज आणि गजबज. आई-बाबांना घेऊन निवांत बसायचं असेल तर माझं मत बिंतानलाच.

आता कागदपत्रं, इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात म्हणून नीट लिहिते. भारतीय पासपोर्टला इंडोनेशियाचा व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, माणशी ५ लाख रुपिया, ३० दिवसांचा, आणि एकाच प्रवेशासाठी. म्हणजे दोन रात्रींसाठी जा नाहीतर महिनाभर, पैसे तेवढेच. आम्ही चौघं, म्हणजे २० लाख रुपिया फक्त व्हिसाला. त्या आठवड्यात एका सिंगापूर डॉलरला साडेबारा हजारांच्या आसपास भाव होता त्या हिशोबाने माणशी ४० डॉलर. जवळचं आणि स्वस्तातलं वीकेंड म्हणून जे बिंतानचं नाव घेतलं जातं ते ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी, व्हिसा लागणाऱ्यांनी हा खर्च आधीच धरून चालायचं. उतरल्यावर काउंटरवरही मिळतो पण मी आधीच ऑनलाईन काढला, फक्त इंडोनेशियाच्या इमिग्रेशनच्या सरकारी साईटवरून, सर्च केलं की वरती दुसऱ्याच दलालांच्या साईट येतात आणि त्या वरचे पैसे लावतात, तेवढं बघा. पासपोर्ट सहा महिने तरी व्हॅलिड पाहिजे.

आणि पाहुणे असतील तर अजून एक, त्यांचा सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एन्ट्री आहे ना ते जायच्या आधी उघडून बघा. परत आल्यावर किती दिवस राहायला मिळणार ते सिंगापूरची इमिग्रेशन नव्याने ठरवते, त्यामुळे परतीचं भारताचं तिकीट मोबाईलमध्ये ठेवलेलं बरं. परत येताना एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरमध्ये शिरण्याआधीचा ऑनलाईन फॉर्म, सगळ्यांना भरावं लागतं, इथे राहणाऱ्या आपल्यालाही, येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, फुकट आहे. मी ते बिंतानमधून शनिवारी रात्रीच चौघांचं भरून टाकलं.

फेरी तानाह मेराहच्या फेरी टर्मिनलवरून सुटते. नाव ऐकून तानाह मेराहच्या एमआरटी म्हणजे मेट्रोच्या स्टेशनवर उतरू नका, तिथून चालत जाण्यासारखं नाही. बेडोकला उतरून ३५ नंबरची बस पकडायची, नाहीतर सरळ टॅक्सी. आम्ही आईमुळे टॅक्सी केली. फेरी स्वच्छ होती, एसी जरा जास्तच गार, शाल ठेवा हाताशी. आईला लाटांची भीती होती म्हणून खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला बसलो, तिथे बोट कमी हलते, आणि पर्समध्ये आवळा सुपारी होतीच. एप्रिल होता, समुद्र शांत, काही त्रास झाला नाही. नोव्हेंबर ते मार्च ईशान्येकडचा मोसमी वारा असतो, तेव्हा ह्या बाजूचा समुद्र चांगला खवळतो, म्हातारी माणसं बरोबर असतील तर ते महिने मी टाळीन.

एक गंमत बघा, बिंतानचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे आणि फेरीला लागतो साधारण एक तास. म्हणजे चारला निघालो आणि उतरलो तेव्हा तिथे परत चारच वाजलेले. आई म्हणाली, "अगं हा तास आपल्याला फुकटच मिळाला की!" पण हाच तास जाताना परत द्यावा लागतो हे लक्षात ठेवा. तिकिटावर तिथली वेळ असते, सिंगापूरची नाही. बाबांनी त्यांचं एचएमटीचं घड्याळ काही बदललं नाही आणि रविवारी सकाळभर आम्हाला "उशीर होतोय, उशीर होतोय" करत राहिले. घ्यायला येणाऱ्या गाडीशी बोलतानाही कुठली वेळ ते स्पष्ट सांगायचं. मी पाच वाजता या म्हणून मेसेज केलेला, माझ्या डोक्यात सिंगापूरचे पाच, ड्रायव्हरच्या डोक्यात तिथले पाच, इमिग्रेशनमधून बाहेर येऊन आम्ही अर्धा तास बाकावर. चूक माझीच होती.

जेट्टीपासून त्रिकोरा गाडीने तासाभराचा रस्ता. रस्ता चांगला आहे, दोन्ही बाजूंना झाडी, मधेमधे घरं, शाळेतून येणारी मुलं स्कूटरवर तिघं तिघं. आई रोमन अक्षरातल्या पाट्या मोठ्याने वाचत होती, मराठीची शिक्षिका होती ती, सवय जात नाही. एका सरकारी कचेरीवर लिहिलेलं "कांतोर केपाला देसा". केपाला म्हणजे डोकं, आपलं कपाळ, देसा म्हणजे गाव, आपला देश, केपाला देसा म्हणजे गावचा प्रमुख, सरपंच म्हणा. हे कळल्यावर तिला इतका आनंद झाला की पुढचे दोन दिवस तिने दिसेल त्या शब्दाचं मूळ शोधलं. बायकोला इस्त्री, नवऱ्याला सुआमी, पापाला दोसा. ड्रायव्हरदादांना थोडं इंग्लिश येत होतं, ते हसून हसून उत्तरं देत होते.

सहाला पोचलो. विषुववृत्त जवळच असल्यामुळे वर्षभर सूर्य तिथे सहाच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो, त्यामुळे अंधार पडत आलेला. पण पाणी! पूर्ण भरती होती, पुलाच्या फळ्यांच्या जेमतेम दोन हात खाली समुद्र, आणि खोलीत जाऊन पलंगावर बसलो तर खालून खांबांना पाणी आपटल्याचा आवाज, चुबुक चुबुक. आई तर मांडी घालून गॅलरीतच बसली, आत यायलाच तयार नाही. खोली साधी आहे, दोन पलंग, मच्छरदाणी, पंखा, एसी आहे पण आम्ही लावला नाही. कमोड आहे, शॉवर आहे, आणि टॉयलेटमध्ये पाण्याची व्यवस्था आहे, आपल्या लोकांना हे महत्त्वाचं असतं म्हणून लिहिलं. गरम पाणी नाही, मागितलं की स्वयंपाकघरातून बादली भरून आणून देतात. एका मच्छरदाणीला भोक होतं, सांगितल्यावर दहा मिनिटांत इबूंनी स्वतः सुईदोरा आणून शिवून दिलं. इबू म्हणजे आई, मोठ्या बाईला तिथे तसंच म्हणतात, आणि पुरुषाला पाक.

आणि मग शनिवारी सकाळी उठून बाहेर आलो, दहा वाजलेले, तर समुद्र गायब. खरंच गायब. पुलाखाली चिखल, गवतासारखं हिरवं काहीतरी पसरलेलं, आणि पाणी लांब कुठेतरी चंदेरी रेघ. माझा नवरा पोहायचे कपडे घालून तसाच उभा. फोटोंत सगळीकडे निळंशार पाणी होतं, बुकिंग करताना कोणी एक शब्द बोललं नाही की इथला किनारा उथळ आहे आणि ओहोटीला पाणी शंभर-दोनशे मीटर आत जातं. हाच तो कापलेला एक मार्क. खोट्या फोटोंबद्दल नाही म्हणत मी, फोटो खरेच आहेत, पण भरतीचे आहेत. दोनच रात्री असलेल्या माणसाला हे आधी कळलं पाहिजे, त्याच्यावर अख्खा दिवस कसा लावायचा ते ठरतं. विचारलं तेव्हा मालकांच्या मुलाने लगेच भिंतीवरचा छापील तक्ता दाखवला, रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा! तो तक्ता खोलीत लावा ना, किंवा बुकिंगच्या मेसेजमध्ये पाठवा, मी त्यांना सांगितलंय.

तुम्ही जाणार असाल तर हे एवढं कराच. तारीख ठरली की त्या दिवसांच्या भरतीच्या वेळा बघा. ढोबळमानाने दिवसात दोनदा भरती दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज पाऊण तास ते तासभर पुढे सरकते. आमच्या शनिवारी ओहोटी बाराच्या सुमारास आणि भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सव्वासहाला होती, रविवारी सकाळची भरती सातच्या आसपास. एकदा हे कळलं की सगळं सोपं होतं. पाणी असतं तेव्हा पाण्यात, पाणी नसतं तेव्हा फिरायला. आणि ओहोटीचाही कंटाळा करू नका, मालकांचा मुलगा बाबांना घेऊन तळव्याएवढ्या पाण्यातून हळूहळू लांबवर गेला, ते हिरवं म्हणजे समुद्री गवत, त्यात तारामासे, बोटाएवढे खेकडे, काय काय. बाबा सत्तर वर्षांचे, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात चप्पल, तासभर परत आले नाहीत. जुने बूट नाहीतर पट्ट्याच्या सँडल न्या मात्र, खाली प्रवाळाचे तुकडे टोचतात.

ओहोटीच्या त्या वेळात आम्ही तांजुंग पिनांगला गेलो, रिआऊ बेटांच्या प्रांताची राजधानी, गाडीने तासभर. दिवसभराच्या गाडीचे ७ लाख रुपिया दिले. शहरात फार वेळ काढला नाही, सरळ जेट्टीवर आणि तिथून पोंपोंग नावाच्या लाकडी होडीने पंधरा मिनिटांत पेन्येंगात बेटावर. आख्ख्या ट्रिपमध्ये बघायला म्हणून एकच ठिकाण करायचं असेल तर हे करा. एवढंसं बेट, मोटारगाड्या नाहीत, मोटरसायकलला जोडलेली सायकलरिक्षा सगळं फिरवून आणते त्यामुळे आईच्या गुडघ्यांना काही त्रास नाही. हे बेट सुलतान महमूदने राणी हमिदाला मेहेर, म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायची भेट, म्हणून दिलं होतं. उतरल्याबरोबर समोर पिवळीधमक मशीद, १८३२ ची, आणि तिच्या चुन्यात अंड्याचा पांढरा बलक मिसळलाय असं तिथे सगळेच सांगतात. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ-बेलफळ घालायचे असं आजी सांगायची, बाबांना लगेच तेच आठवलं. तेरा घुमट आणि चार मिनार, मिळून सतरा, दिवसभराच्या नमाजातल्या सतरा रकातींएवढे, रकात म्हणजे नमाजाचं एक आवर्तन. डोक्यावर ओढणी आणि पाय झाकलेले पाहिजेत, आई नऊवारीत नव्हती पण साडीत होती, पदर घेतला, झालं. मलय भाषेचं व्याकरण लिहिणारा राजा अली हाजी याच बेटावरचा, त्याची कबर इथेच आहे. आणि रिआऊची मलय पुढे इंडोनेशियाच्या राष्ट्रभाषेचा पाया झाली. आईने तिथे उभं राहून हात जोडले, म्हणाली व्याकरणवाल्याला नमस्कार केलाच पाहिजे.

आता जेवण, कारण आम्ही चौघंही शाकाहारी आणि त्यात आईचा शनिवार. दिवसभर उपवासाचं आणि संध्याकाळी एकदा जेवायचं. माझ्या पर्समध्ये शेंगदाण्याचे लाडू आणि केळी होती पण परतीच्या वाटेवर एका टपरीशी थांबलो तर आई ड्रायव्हरदादांना सांगत होती, उपवास, उपवास, आज माझा उपवास. ते एकदम थांबले, "ओ, पुआसा!" त्यांचा पुआसा म्हणजे रोजा, आणि शब्द आपल्या उपवासाचाच. पण त्यांच्याकडे पुआसा म्हणजे सूर्यास्तापर्यंत पाणीसुद्धा नाही, त्यामुळे त्यांनी आईसमोरचा चहा चटकन उचलून बाजूला ठेवला, बिचाऱ्यांना वाटलं तिचा मोडेल. मग मी फोनवर भाषांतर करून समजावलं की आमच्याकडे चहा चालतो, कंदमुळं चालतात, धान्य नाही. टपरीवाल्या बाईंनी ते वाचलं, आत गेल्या आणि वाफाळलेल्या कसाव्याचे तुकडे घेऊन आल्या, वर ताजा खवलेला नारळ आणि किंचित मीठ. पांढरे, मऊ, मधोमध दोऱ्यासारखी शीर, ती काढून टाकायची. कसावा म्हणजे ज्याचा आपला साबुदाणा बनतो तेच कंद. आईने पहिला घास खाल्ला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "साबुदाण्याचं माहेर गं हे." तीन बश्या घेतल्या आम्ही. चहा हवा असेल तर गरम बिनदुधाचा "ते ओ" मागायचा, आणि "ते ओबेंग" म्हटलं की तोच बर्फ घालून, गोड, उन्हात एकदम मस्त.

राहायच्या जागेत जेवण आधी सांगावं लागतं. मेनू मासळीचाच आहे, त्यांची खासियतच ती, पण शाकाहारी सांगितलं तर करून देतात. फक्त नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, कारण सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, तेरासी असते म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट, भाज्यांतही सुका जवळा पडतो, आणि गाडो गाडोवर, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्यांवर, जे पापड येतात तेही बऱ्याचदा कोळंबीचे. म्हणून असं म्हणायचं, "तांपा दागिंग, तांपा इकान, तांपा तेरासी", मांस नको मासे नको तेरासी नको. मी हे म्हटल्यावर इबूंनी आईला हात धरून स्वयंपाकघरात नेलं, तेरासीचा काळपट तुकडा कागदातून सोडवून नाकाजवळ धरला, हे नको ना? आईने मान हलवली, त्यांनी तो परत गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला आणि धुतलेला नवा खलबत्ता घेतला. त्या खलबत्त्यासाठी मी पाचपैकी पाच द्यायला तयार होते खरं तर. नारळाच्या दुधातली भाजी, कुरकुरीत तळलेलं तेंपे, भात, बिनतेरासीचा तिखट सांबाल. तेंपे म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली वडी, बाबांना इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी सकाळीही मागितली. नाश्ता भाड्यात धरलेला आहे, रात्रीचं जेवण वेगळं, आमचं चौघांचं साडेतीन लाख रुपिया झालं.

पैशाचं एक, लागोईला कार्ड आणि सिंगापूर डॉलर चालतात, त्रिकोराला रोख रुपियाच लागतो. सिंगापूरमध्येच बदलून घ्या आणि ५० हजाराच्या नोटा जास्त मागा, टपरीवर लाखाची सुटी मिळत नाही. शून्यं मोजून द्यायची, १० हजार आणि १ लाखात गडबड होते. जेट्टीवरून आणायचे पैसे भाड्यात आहेत असं आम्ही समजत होतो पण ते वेगळे निघाले, एका बाजूचे ३ लाख, तेव्हा तेही आधी विचारून घ्या.

रविवारी दुपारी साडेतीनची फेरी घेतली, मुद्दामच. संध्याकाळच्या फेऱ्यांना सगळं सिंगापूर परत येत असतं आणि तानाह मेराहला इमिग्रेशनची रांग लांबते, आई-बाबांना तिथे उभं करायचं नव्हतं. जेट्टीवर तासभर आधी पोचा. पाचसहा वाजेपर्यंतचा वेळ बुडतो असं वाटतं पण सकाळी लवकर उठलं तर काही बुडत नाही, कारण त्रिकोरा पूर्वेला आहे आणि सूर्य बरोबर समुद्रातून वर येतो.

शेवटी खोलीबद्दल, बुकिंग करताना पुलाच्या टोकाकडच्या दोन खोल्या मागा, किनाऱ्याजवळच्या खोल्यांना स्वयंपाकघराचा आणि रस्त्यावरच्या स्कूटरचा आवाज येतो, आमची टोकाची होती. रविवारी पावणेसहाला मी उठले तर आई आधीच गॅलरीत, शाल गुंडाळून, पाणी परत फळ्यांपर्यंत चढलेलं, आभाळ नुकतं तांबडं होत होतं. मला बघून हळूच म्हणाली, "बाबांना उठव, पण घड्याळ बघू देऊ नकोस."